जादा भोक

विडीच्या कट्ट्याएवढा कॉम्प्युटर,
काळ्या डबीत, माझ्या जेवणाच्या पिशवीत,
कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या मध्ये.
तीन वॅट खातो. त्याहून जास्त
आईच्या देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब खातो.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
मे महिना, दुपारचे दोन.
वहीत रंगय्या शेठच्या सहीचं पत्र:
सदर व्यक्तीस आमच्या यंत्रणेत
शिरण्याचा प्रयत्न करण्यास परवानगी आहे.
चोराला आवतण, तेही लेटरहेडवर.

गेटवर मळसिद्ध मामा.
मी म्हटलं, प्रिंटर बघायला आलेय.
एवढं खोटं पत्रात बसतं,
मी दोनदा विचारून घेतलं होतं.
त्यांनी रजिस्टर उघडलं, पेन उठेना, झटकलं, उठेना.
मग म्हणाले, जा की आत, ऊन किती हाय,
आणि माठातलं पाणी दिलं, तांब्या भरून.

हिशेबाच्या खोलीत, फायलींच्या मागे,
भिंतीत एक रिकामं सॉकेट.
वायर खोचली. हिरवा दिवा
दोनदा लुकलुकला आणि स्थिरावला.
पलीकडे माग खडखडत होते,
इकडे डबी, ना पंखा ना आवाज,
एकेका दाराशी जाऊन विचारत होती:
आहेस का? कोण आहेस?
कडी लावलीयेस का?

नायना साखर पेठेत जकाटचे पत्ते मारायचे.
पुठ्ठ्याला ओळीने भोकं.
जिथे भोक तिथे सुई आत, धागा वर.
एक भोक जादा पडलं की मोराची मान तुटते
आणि तीनशे चादरींवर तुटलेलीच राहते.
ते पत्ता उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटून.
मला त्यांनी काही शिकवलं नाही.
मी नुसती शेजारी बसून
पुठ्ठ्याच्या टिकल्या गोळा करायचे.

पावणेचारला लाईट गेली.
माग थांबले आणि पत्र्यावरची कबुतरं ऐकू आली.
नेटवर्क यूपीएसवर, डबी पॉवरबँकवर,
दोघं जागे.
कॅमेऱ्यांचा पासवर्ड: एक ते सहा, ओळीने.
नव्या मागांच्या पॅनलला कंपनीचाच,
वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं.
पगाराची फाईल सताड उघडी.

फाईल उघडी आहे एवढंच बघायचं होतं.
ओळ डोळ्यांत शिरलीच:
मळसिद्ध, नऊ हजार चारशे,
वजा उचल दोन हजार.

रात्री अहवाल लिहायला बसले.
बाकीचं सरसर उतरलं. प्रवेशद्वारापाशी हात अडला.
रखवालदाराने ओळख न विचारता आत सोडले.
खरं आहे. खरं लिहायचेच पैसे घेते मी.
पण या एका भोकातून
उद्या नेमका एकच धागा उचलला जाईल.

खोडलं. लिहिलं:
गेटवर ओळख तपासायची पद्धत ठरलेली नाही.
रजिस्टरचं पेन चालत नाही.
आलेल्या माणसाला नाही म्हणायचा अधिकार आपल्याला आहे,
हे रखवालदाराला आजवर कुणी सांगितलेलं नाही.
मग स्क्रीनकडे बघितलं, एक डोळा मिटून.

शेठनी अहवाल वाचला, चष्मा वर सरकवला.
त्या दिवशी गेटवर कोण होतं?
मी म्हटलं, अहवालात माणसांची नावं नसतात.
कॅमेऱ्यात दिसेल की, ते म्हणाले,
आणि बराच वेळ की-बोर्डवर बोट आपटत राहिले.
माझ्याच सांगण्यावरून पासवर्ड बदलला होता,
नवा आठवेना.

निघताना मळसिद्ध मामांनी रजिस्टर पुढे केलं.
दोऱ्याने बांधलेलं नवं पेन.
सही करा, आता साऱ्यांनाच करावी लागती.
केली.
झाला का वो प्रिंटर नीट?
म्हटलं, अजून नाही, मामा.